सूक्ष्म

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागं माझं दुकान.
झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सातबारा,
आणि हल्ली निविदा.
भरायचे दोनशे घेतो. सर्व्हर बसला तर
चहा त्याच पैशात.

सुकेशिनी रामटेके रात्रीच येते,
दुपारी साइट चालत नाही हे तिला आता पाठ.
ओढणीला वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोकं,
सहीचं डोंगल रॉडच्या रिकाम्या डबीत.

जिल्हा परिषदेला बाराशे डेस्क हवेत.
"बाराशे? माह्याकडं दोन मशिनी अन् तीन पोट्टे."
मी म्हटलं, ताई, वाचू तर द्या.

उद्योगाचा प्रकार: सूक्ष्म.
आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता,
कपाटात, कुलपात.
कांद्याची साल बघायला रांग लागायची
आणि माझा नंबर येता येता तास संपायचा.
इथं त्या एका शब्दावर टिक केली की
रकाने आपोआप करडे होत जातात:
अनामत रक्कम, माफ.
निविदा फी, माफ.
मागील तीन वर्षांची उलाढाल, सूट.
अनुभव, सूट.
"म्हंजे मले काहीच येत नाई असं लिवलं का जी?"
नाही ताई.
येतं की नाही, ते विचारलंच नाही.

दर उघडले.
नागपूरची कंपनी दोन हजार नऊशे दहा, सगळ्यात खाली.
आपले बत्तीसशे साठ.
ती उठलीच होती.
मी म्हटलं, बसा. पंधरा टक्क्यांच्या आत आहात.
आता ते तुम्हाला विचारतील,
त्याच्या दरात येता का?
येत असाल तर चौथा हिस्सा तुमचा. तीनशे डेस्क.

बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत राहिली.
"म्हंजे पंगतीत बसा म्हनते,
पन ताट घरून आना."
हा नियम एवढ्या थोडक्यात
मला कोणी समजावला नव्हता.

साडेतीनशे कुठून काढायचे?
पाइप पातळ करायचा नाही. पोरं बसतील, उड्याही मारतील.
राइस मिलमध्ये धान टाकून
मूलला रिकामा परतणारा टेम्पो आहे, साठ सुटले.
रंग ठोकात, चाळीस.
उरले अडीचशे.
कॅल्क्युलेटर पालथा घालून ती म्हणाली,
"माही मजुरी कोनत्या रकान्यात होती?"
कोणत्याच नव्हती.
"मंग तिथूनच काढा."

दुसऱ्या दिवशी नागपूरहून फोन,
माझ्याच दुकानात, स्पीकरवर.
आवाज साखरेचा.
ताई, कागद तुमचा, माल आमचा,
डेस्कमागं चाळीस रुपये, घरबसल्या.
बारा हजार. खरं सांगतो,
तिच्याआधी मीच हो म्हणणार होतो.
ती म्हणाली, "अन् माह्या मशिनीनं उपास धराचा का?"
पलीकडं कुणीतरी हसलं. मग रेंज गेली,
किंवा त्यांनी ठेवला.

तीनशे डेस्क गेले. पावतीवर शिक्का पडला.
पंचेचाळीस दिवसांत पैसे, असं कायद्यात आहे.
कायद्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर वेगळं असावं.
एकसष्टाव्या दिवशी ती पुन्हा आली,
या खेपेला अंगणवाड्यांच्या खिडक्यांसाठी.
"पैसे?"
"फाइल फिरून रायली."
डबीतून डोंगल काढलं, खुर्ची ओढली.

सूक्ष्म. टिक.
अनामत करडी झाली, उलाढाल करडी झाली.
अनुभवावरून मी खाली सरकणार
तोच तिनं नखानं स्क्रीन ठोकली.
"थांबा जी. तिथं सूट नोको.
तीनशे लिवा."

करड्या रकान्यात कर्सर जातो का,
हे मी आजवर
करून पाहिलं नव्हतं.