बशीएवढी जागा

अर्जावर तिसरी सही माझी आहे.
निळ्या शाईची, ठसठशीत, आडनावासकट.
“दुर्गंधी, उंदीर, डेंग्यूची भीती. योग्य ती कारवाई व्हावी.”
सगळं खरं होतं.
खरं असूनही सही करताना मी
पारिसा कळंत्रेंच्या खिडकीकडं पाठ केली होती.

मुकादम आला, चार माणसं, एक टिप्पर.
शुक्रवार पेठ गॅलरीत उभी राहिली,
जणू खासबागेत कुस्ती लागलीय.
दुधाच्या पिशव्या निघाल्या, धुऊन घडी घातलेल्या,
एकेकट्या चपला,
उद्यमनगरातल्या बंद फौंड्रीचे लाकडी पॅटर्न,
पंचवीस वर्षांच्या पावत्या, दोऱ्यात ओवलेल्या.
कुणीतरी ओरडलं, “भंगारशेठ, भाव काय लावला?”
हसलो आम्ही. मीपण.
कळंत्रे टिप्परमागं धावले नाहीत.
गटारीच्या कठड्यावर बसून
एकेक बोट दाबत राहिले,
जाणाऱ्यांची हजेरी घेतल्यासारखं.

दोन महिन्यांत घर पुन्हा भरलं.
गल्ली म्हणाली, बघा, लाजच नाही.

एकोणीस साली पूर ओसरला तेव्हा
आमच्या प्रत्येकाच्या दारात ढीग होता.
गाद्या, फ्रिज, लग्नाचे अल्बम, फुगलेली पुस्तकं.
कुणी नाक धरलं नाही.
आजऱ्याहून भाकरी आल्या,
अनोळखी पोरं चिखल काढून गेली.
आमच्या ढिगाला तेव्हा
सगळे दुःख म्हणत होते.

पुरानंच झालं असेल म्हणावं, तर कळंत्रे मान हलवतात.
“त्याच्या आधीपासनं हाय हे.
बायको जायच्याबी आधीपासनं.
कारण शोधू नको, बाई. मीच कुठंतरी जपून ठेवलंय,
आता ह्यात सापडंना.”

सीपीआरमधली डॉक्टर म्हणाली, आजार आहे.
टाकायचं त्यांनी. तुम्ही नुसतं शेजारी बसायचं.
बसते. गुरुवारी, नळाचं पाणी गेल्यावर.
एक डबा उघडायचा, एकेक वस्तू हातात घ्यायची.
पहिल्या गुरुवारी पेनाचं एक टोपण गेलं.
दुसऱ्या गुरुवारी ते परत आलेलं होतं.
मी काही बोलले नाही.
न बोलायला शिकताना मला
त्यांच्याहून जास्त वेळ लागला.

सहीचंही सांगून टाकलं एकदा.
“म्हायती हाय,” म्हणाले,
“अर्जाची झेरॉक्स हाय माझ्याकडं.
अक्षर चांगलं हाय तुझं.”

काल चहा घेऊन गेले.
नेहमीसारखी कपबशी हातात धरून उभी.
त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यातला
वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलला, मांडीवर घेतला,
बाहीनं धूळ पुसली.
बशीएवढं लाकूड दिसलं.
“ठेव,” म्हणाले.

गठ्ठा मांडीवरच होता
चहा संपेपर्यंत.