नाव सांगितलं की गुण जातो

ननाशीहून पहाटेची एस.टी. धरून
पेठ नाक्यावर उतरून
अर्धा रस्ता पायी, अर्धा कुणाच्या तरी टेम्पोत
अंबडला आमच्या लॅबमध्ये आले धवळू भोये.
युरियाच्या गोणीत मुळं,
गोणीचं तोंड लुगड्याच्या काठानं आवळलेलं.
'काविळीचं,' एवढंच म्हणाले.

आमच्या फॉर्मवर पहिला रकाना: वनस्पतीचे नाव.
मी पेन टेकवून थांबले.
ते खिडकीबाहेर बघत राहिले, शेजारच्या शेडकडे,
जिथं गाड्यांचे सुटे भाग निळे करून टांगतात.
'नाव सांगितलं की गुण जातो, बाई.'
मी लिहिलं, अज्ञात.
मूळ, वाळलेले, चारशे दहा ग्रॅम.

धुतलं, दळलं, चाळलं, रात्रभर स्पिरिटात ठेवलं.
सकाळी काचपट्टीवर थेंब टेकवला.
भिंतीला ओल चढते तसे
रंग चढत गेले आपापल्या उंचीपर्यंत,
आणि अतिनील दिव्याखाली
दोन पिवळे ठिपके, एक निळा, आणि एक
ज्याला आमच्या पुस्तकात जोडीदार नाही.
शिसं मर्यादेत. पारा आढळला नाही. बुरशी किंचित.
सही करताना लक्षात आलं,
मुळात काय आहे ते सगळं लिहिलंय,
ते काय करतं, त्याला रकानाच नाही.

माझ्या भावाला झाली होती, नाशिकरोडला असताना.
आई पंचवटीतून कुणाकडून पुड्या आणायची, ताकातून द्यायची.
एकविसाव्या दिवशी डोळे पांढरे झाले.
आई म्हणाली, पुड्यांनी.
डॉक्टर म्हणाले, ही बहुतेकदा आपली आपणच जाते.
मी अकरा वर्षांची. दोघांचंही खरं धरलं,
आणि त्याच घोटाळ्यात पुढं केमिस्ट्री घेतली.

आठवड्यानं ते अहवाल न्यायला आले.
किती जणांना दिलंत आजवर?
त्यांनी कनवटीची सुतळी काढली.
गाठीच गाठी, बोटांच्या मळानं काळ्या.
'येवढे बरे झाले.'
आणि न झालेले?
'ते परत आले न्हाईत.'
मग बरे झालेले येतात परत?
धवळू हसले. 'बरं झाल्यावर कोण येतं?
एखादा येतो कोंबडा घेऊन.'
म्हणजे ही कोंबड्यांची मोजदाद,
असं मी म्हणाले नाही. त्यांनी ऐकलं मात्र.

सुतळीत मध्येच चार बोटं जागा कोरी.
मी तिथं बोट ठेवलं.
'सून.
सिव्हिलला नेली, सलाईन लावलं.
गुपचूप मूळबी दिलं. दोन्ही केलं.'
पंख्याखाली अहवालाचा कागद फडफडत होता,
त्यांनी त्यावर तळहात ठेवला.
'तिची गाठ कुठल्या बाजूला मारायची
ते कळंना. म्हणून ऱ्हायली.'

उरलेलं मूळ मी त्याच काठानं बांधून दिलं,
तपासणीत गेलेलं ऐंशी ग्रॅम वजा.
ते दारापर्यंत गेले, वळले,
आणि त्यांच्या बोलीत नाव सांगितलं.
मला नीट उच्चारता येईना म्हणून
दुसऱ्यांदा, सावकाश.

'जाऊ दे गुण गेला तर,' म्हणाले.
'तुम्ही बघा.'