भरतीच्या आत

चारही टायरांतली हवा मी सोडते
आणि नऊजणी खिडक्यांतून माना काढून बघतात,
जणू मी कोंबडीच कापतेय.
"अगं, पंक्चर?"
नाही मावशी. वाळूत फुगून चालत नाही.
पीठ थापतात तसं पसरावं लागतं.
हे मात्र त्यांना लगेच पटतं.

नऊजणी. मारिएन्टालच्या शाळेच्या वसतिगृहात
तीस-तीस वर्षं पातेल्यांपुढे उभ्या राहिलेल्या.
बिस्किटांच्या डब्यात दरमहा पन्नास डॉलर,
चार वर्षांनी ही सहल.
झगे एकाच ठाणातले, निळे,
फक्त विलेमिनाबाईंचा लांबीला कमी पडलाय.
आमची बोली एकच,
त्यांच्या तोंडात ती मेंढ्यांमागून आली,
माझ्या तोंडात माशांमागून.

मिठागरं गेली, फ्लेमिंगो गेले.
पहिल्या टेकडीवरून गाडी नाक खाली करून सुटली तेव्हा
ओटिलीबाई देवाला अशा आवाजात म्हणाल्या, "थांब!"
की मीच ब्रेक दाबला असता.
पण उतारावर ब्रेक दाबायचा नसतो.
वाळू पोटातून घुमते, विमानासारखी,
आणि तळाशी पोचल्यावर सगळ्या हसतात,
एकमेकींचे रुमाल सरळ करतात.

वाटेत मी नाऱ्याच्या झुडपाशी थांबते.
पान नाही, नुसते काटे,
आणि मधे फळं, मुलांच्या डोक्याएवढी.
हे झुडूप माझ्या बापाचं.
कागद नव्हता, पण कुईसेबच्या काठी
कुणाचं कुठलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.
आता कागद कंपनीकडे आहे
आणि इथवर यायला मला कंपनीची गाडी लागते.
हे मी प्रवाशांना सांगत नाही.
आज सांगितलं.
कुणी काही बोललं नाही.
विलेमिनाबाईंनी एक बी पुढच्या दातांत धरून
टोकाशी नेमकी फोडली. कधी शिकल्या, कोण जाणे.

मग शेवटचा माथा.
इथे मी रोज म्हणते, "आणि हा समुद्र!"
आज म्हटलं, आणि समोर काही नव्हतं.
धुकं. पांढरं, घट्ट, कडेपासून कडेपर्यंत.
कुणीतरी साय धरू दिली होती, बाजूला सारली नव्हती.
"हाच का?" ओटिलीबाई.
"याच्या मागे."
"चार वर्षं," कुणीतरी हळूच म्हणालं.

त्यांना समुद्र ठाऊक होता तो डब्यातून.
टोमॅटोच्या रसातले मासे,
दर बुधवारी चाळीस डबे,
झाकणावर आमच्या गावाचं नाव,
खाली निळी लाट, तीन रेघांची.

घड्याळात वीस मिनिटं. मग भरती,
मग वाळू आणि पाणी यांच्यामधे
गाडीएवढी वाट उरत नाही.
मी खाली नेते. उतरा म्हणते.
आवाज येतो, पाय ओले होतात,
गुडघ्यापुढे काही दिसत नाही.
नऊ निळे झगे धुक्यात फिके होत जातात
आणि मी मोजत राहते. सात. आठ. सात.

विलेमिनाबाई वाकतात, ओंजळ भरतात,
जीभ लावतात. तोंड वाकडं.
"मीठ पार हाताबाहेर गेलंय.
आज चुलीवर कोण होतं?"
मग ते हसणं. तीस वर्षांचं,
पातेली घासताना जमलेलं.

सगळ्यांत बुटकी दुल्सी, जी दिवसभर बोलली नव्हती,
मला विचारते,
"बोटी कुठल्या अंगाला असतात?"
मी उत्तरेकडे हात करते. तिकडेही पांढरंच.
ती एकदा हात हलवते,
फार नाही, खिडकीतून हलवावा इतकाच,
आणि रुमालाची गाठ पुन्हा बांधते.
मुलगा की नवरा, मी विचारलं नाही.

परतताना डावी चाकं पाण्यात होती.
कुणीच किंचाळलं नाही. मला वाटलं होतं किंचाळतील.

डांबरी रस्त्यावर मी कॉम्प्रेसर लावते.
एकेक टायर फुगतो, गाडी एकेक बोट वर येते.
झग्यांच्या कडांवर मिठाची रेघ वाळलीय, वेडीवाकडी,
कुणाच्या घोट्याशी, कुणाच्या पोटरीपर्यंत,
आणि विलेमिनाबाई वाकून बघतायत,
कुणाची सर्वांत वर गेली.