शेरा

सोहार बंदरामागच्या कॅम्पात, खोली नंबर चौदाच्या दारावर
तपासनीस लाल मार्करने एकच शब्द लिहून गेला: मेस.
खाली, माणशी दोन रियाल दंड.

मला आधी वाटलं, जेवणाची जागा बदलली.
ताट घेऊन उभा राहिलो की स्वतःच्याच दारात!
आमच्या चिपळुणात, एसटी स्टँडच्या मागे,
मेस म्हणजे बिर्जेकाकूंची: महिन्याचे पैसे आगाऊ,
रविवारी फीस्ट,
चौथी पोळी मागितली की काकूंची भुवई वर.
त्या शब्दाला आमटीचा वास होता. दंड नव्हता.

सुबैर हसून हसून बेडवरून पडायचा बाकी.
म्हणाला, अरे, मेस म्हणजे कचरा.
मग जरा थांबून: म्हणजे आपण.

एक स्कॉटिश इंजिनियर देश सोडताना
जाडजूड डिक्शनरी टाकून गेला होता स्टोअरमध्ये.
स्टोअरकीपर मी, म्हणून ती माझी, ग्रीसच्या डागांसकट.
रात्रपाळीला, फोर्कलिफ्ट निजल्यावर, एम उघडला.

तर याचं मूळ लॅटिनमध्ये, आणि तिथे अर्थ: पाठवणं.
पुढे फ्रेंचांच्या मुदपाकखान्यात,
पाठवलेलं ते, टेबलावर मांडलेलं वाढप.
इंग्रजांकडे आला तो वाडग्यातून, ऊन ऊन.
मग जेवणाऱ्यांनाच लागला; मोठ्या पंगतीत म्हणे
चौघांची एक मेस, चौघांत एक थाळा.
बोटांवर मोजलं: सुबैर, तोफज्जल, लोकबहादूर, मी.
मग जनावरांपुढे ओतलेलं कालवून,
मग कुठलीही सरमिसळ, मग पसारा,
मग तर नुसती घाण.
सहाशे वर्षांत ताटातून केराच्या डब्यात.

शब्दाला कोण रिटर्न तिकीट काढून देतो?

नवल वाटलं नाही फारसं.
आपलं कालवण पोटात
आणि कालवाकालव पोटाच्या वीतभर वर.
डबा भरून चिवडा देणारी
आणि पानात चिवडू नको म्हणून धपाटा घालणारी
बाई एकच असते.

तपासनीस आला त्या दिवशी
लोकबहादूरचं खोकं उघडं होतं.
कायमचा चालला होता तो; अकरा वर्षं
तीस किलोत बसवायची होती.
ब्लँकेट काढलं, कुकर घातला.
कुकर काढला, शिवणयंत्राचं डोकं घातलं.
वजनकाट्याला टांगलं: बत्तीस.
पुन्हा सगळं फरशीवर.
दोरीवर ओले ओव्हरॉल, खाटेखाली कांदे,
पैसे पाठवल्याच्या पावत्या, वर्षावर्षाच्या, रबरबँड तुटलेल्या,
त्यातल्या एकीवर तोफज्जलने खडे निवडून ठेवलेले डाळीतले.
आणि मधोमध परात. भात, डाळ, लोणच्याचं तेल,
आणि चार हात.

हेच पाहिलं त्याने. शब्द बरोबर लिहिला.
किती बरोबर, ते त्याला कुणी सांगायचं?

दंडाच्या फॉर्मवर खुलाशाचा रकाना असतो, दीड ओळीचा.
मी लिहिलं: पाठवत होतो.
सुपरवायझरने विचारलं, काय पाठवत होता?
मी म्हटलं, सर, माणूस.
त्याने दंड कायम ठेवला.
लोकबहादूरचे दोन रियाल त्याच्या शेवटच्या हिशोबातून कापले,
ते सुबैरने विमानतळाच्या बसपाशी
त्याच्या खिशात कोंबले. बसपाशी आम्ही विशेष काही बोललो नाही.
खोकं साडेतीस भरलं होतं, तीच चर्चा.

दारावरचा शब्द थिनरनेही निघाला नाही, फिकट गुलाबी झाला.
परवा रात्री नवा पोरगा आला, गाझीपूरचा, बॅग खांद्यावरच,
स्टीलचं ताट हातात, मान वर करून अक्षरं जुळवत.
मेस इथेच का, त्याने विचारलं.

सुबैर जरा सरकून बसला.