बॅरन मॉर्टलेकचं ठाणे मंडळ

आम्ही चौघं होतो. म्हणजे तिघं, आणि हेमकांतची बहीण सुलभा,
जी म्हणायची, मी फक्त चहा द्यायला येते,
आणि सगळी गाणी तिलाच पाठ.

ग्लॅडविनचा मामा बोटीवर. त्यानं लिव्हरपूलहून आणली तबकडी.
वेष्टनावर शवपेटीतून उठणारा माणूस,
डोक्यावर हातभर उंच टोपी, गालाला पीठ,
एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात
(नीट बघ, हेमकांत म्हणायचा) चहाचा कप.
बशीसकट.

त्या बशीनंच आमचा निकाल लावला.

भुतांचं आम्हाला नवल नव्हतं.
चेंदणीच्या खाडीत गिऱ्हा होता,
विटाव्याच्या वाटेवर मुंजा, कळव्याला एक हडळ,
पण त्यांच्यातलं कुणी गात नव्हतं,
कुणी ढोलकीवाला पगारावर ठेवला नव्हता,
आणि मेल्यानंतर इतकं मजेत
आमच्या माहितीत तरी कुणी नव्हतं.

आवाज? खरं सांगायचं तर वाईट.
लेथवर पत्रा तिरका लागला की निघतो तसा;
वागळे इस्टेटीत दिवसभर तोच ऐकून
रात्री पुन्हा तोच लावायचो, पैसे साठवून घेतलेल्या सुईनं.
वरच्या पट्टीत बॅरन गेला
की करंदीकरांचा कुत्रा साथ द्यायचा.
करंदीकर वर येऊन म्हणायचे,
कोणाला लागलंय का?

अठ्ठ्याहत्तरच्या संमेलनात आम्ही नाव दिलं.
पेटी हेमकांतनं ठोकली,
औषध कंपनीच्या खोक्यांच्या फळ्यांची,
एका बाजूला निळा बाण आणि "ही बाजू वर".
ग्लॅडविन आत. तिसऱ्या ठोक्याला झाकण उघडायचं.
पहिला ठोका. दुसरा. तिसरा.
झाकण उघडेना.
दमट हवेनं लाकूड फुगलं होतं, की हेमकांतचा एक खिळा जास्त,
यावर अजून भांडण आहे.
आणि ग्लॅडविन, देवमाणूस,
आतूनच गायला लागला.
अख्खं गाणं. दोन्ही कडवी आणि ती किंकाळी,
गोधडीखालून यावी तशी.
पहिल्या रांगेतल्या बायका चिडीचूप.
मग टाळ्या. अशा टाळ्या
की नाट्यछटेवाल्यांनी नंतर आमच्याशी बोलणं टाकलं.
अध्यक्ष म्हणाले, प्रयोग धाडसी होता.
पेटी मागे नेऊन पहारीनं उघडली तेव्हा
तो घामानं भिजलेला, गालावरचं पीठ मळलेलं,
विचारतो, आवाज पोचला ना?

त्याच वर्षी बॅरनला पत्र लिहिलं.
सुलभानं सुचवलं, एवढा नटतो, दृष्ट लागेल,
म्हणून पाकिटात लिंबू-मिरची घातली, दोऱ्यात ओवून.
सात महिन्यांनी उत्तर आलं, काळ्या शाईत, डाग पडलेलं:
प्रिय ठाणे, लोणचं मिळालं. प्रवासात जरा सुकलं होतं.
मी सगळं खाल्लं. दोरा कशासाठी असतो?

आम्ही ते चौकटीत लावलं. खिळा हेमकांतनंच ठोकला, एकच.

तिकडे तो किती मोठा होता, होता का,
कुणी ऐकत होतं का त्याला त्याच्या गल्लीत,
आम्ही कधी चौकशी केली नाही.
इथं चार जण होते. पुरे होते.

परवा ग्लॅडविनला मासुंद्याकाठच्या चर्चमध्ये ठेवलं होतं.
पेटी चांगली, गुळगुळीत, पितळी कड्यांची.
बाण कुठंच नाही.
फादर बोलत होते. मागे कुणाची तरी छत्री पडली, खट्.
सुलभानं माझ्याकडे पाहिलं.
मग बाकावर कुणाचा गुडघा आपटला.
हेमकांतनं श्वास धरला.
आम्ही तिघं, साठी उलटलेले,
तिसऱ्याची वाट बघत उभे.

नंतर तो पुढे गेला, लाकडाला कान लावला थोडा वेळ.
नातेवाइकांना वाटलं, रडतोय.
बाहेर आल्यावर मी विचारलं नाही.
तोच म्हणाला,
सुतारानं खिळे बेताचेच मारलेत.