शकतं

तुर्भ्याच्या छापखान्यात रात्री साडेनऊला
रविवारच्या पुरवणीचं पान चार माझ्यापुढे येतं.
मथळा : अळंबीतून उगवली मनाची पहाट.
चित्रात जांभळ्या उजेडात एकच छत्री,
जिला आम्ही कुत्र्याची छत्री म्हणायचो
आणि शाळेत जाताना पायाने उडवायचो.

माझं काम ह्रस्व-दीर्घ.
'रुग्ण'चा रु पहिला आहे ना, बघायचं.
अनुस्वार पडला असेल
तर उचलून पुन्हा डोक्यावर ठेवायचा.
अर्थाचा पगार मला मिळत नाही.

तरी डोळा जातोच.
वर 'हजारोंना दिलासा',
सातव्या परिच्छेदात माणसं एकोणीस,
त्यातले दोघं मधेच सोडून गेले.
का गेले, ते पानात बसलं नाही.
चौकटीत हसणारा गृहस्थ ज्या कंपनीत पैसे लावून बसलाय
तिचंच हे औषध. खाली लिहिलंय : तज्ज्ञ.
जोडलेला ज मी तपासला.
बरोबर होता.

मग हे वाक्य :
'एका मात्रेत जुनं नैराश्य बरं होतं.'
मात्रा म्हणजे माझ्या लेखी अक्षरावरची तिरकी रेघ,
एक जास्त पडली की देवाचं दैव होतं.
मूळ प्रत काढून बघितली. 'बरं होऊ शकतं.'
"ओळ वाढत होती, शकतं काढलं,"
पुरवणीचा सरदेशपांडे फोनवर म्हणाला,
"अर्थ तोच ना, ताई?"

ऐरोलीत माझा भाऊ हेरंब
तेवीस वर्षं त्याच गोळ्या घेतोय.
ठाण्याच्या मनोरुग्णालयाची खिडकी, केसपेपर, खाकी पाकीट.
बशीतला चहा सांडतो इतका हात थरथरतो.
एकदा त्याने असंच पान वाचलं होतं,
'विचार बदला, गोळ्या सोडा'.
बदलले. सोडल्या.
अकराव्या दिवशी खाडीपुलावर
चपला हातात घेऊन उभा होता,
गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचत.
हवालदाराने रिक्षात घातला, भाडंही त्यानेच दिलं.
त्या पानावरही शकतं नव्हतं.

खरं असेलही, मी कोण ठरवणार?
या गोळ्याही कधीतरी कुठल्यातरी पानावर
पहाट म्हणूनच आल्या असतील.
पण हा शब्द यंदा चौथ्यांदा माझ्या हातून जातोय,
दर वेळी वेगळ्या कंपनीचा,
आणि सकाळ काही होत नाही.

मी काकपद काढलं. समासात लिहिलं : शकतं.
खाली सही केली, जी कधी करत नाही.

रविवारी पान आलं.
शकतं होतं, जागच्या जागी.
त्याच्यासाठी शेवटची ओळ गळाली होती :
'डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषधं बंद करू नयेत.'

हेरंब बोट ठेवून वाचतोय.
पहाटेवरून बोट सरकतं, एकोणीसवर थांबत नाही,
शकतंवर तर अजिबात नाही.
"तायडे, हे ठाण्याला मिळत असेल?"
कित्येक महिन्यांनी त्याने स्वतःहून काही विचारलंय.
मी म्हणते, चहा निवतोय.

टेबलावर गोळ्यांची डबी, सात कप्प्यांची.
दहा वाजत आले.
रविवारचा कप्पा अजून भरलेला.