तीन अंश

दर रविवारी ओडील तळ्याच्या बर्फाला भोक पाडते.
गिरमीट करकरत राहतं, मग अचानक सैल होतं:
पाणी.
दोरीला बांधलेली तापमापी ती गाळापर्यंत सोडते.
तीन अंश. वहीत लिहिते.
विद्यापीठाने पैसे थांबवून चार वर्षं झाली,
वही अजून संपलेली नाही.

खाली रंगीत कासव.
नोव्हेंबरपासून त्याने श्वास घेतलेला नाही.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
इथे अंथरूण गाळाचं
आणि चारी पाय पसरलेले, मानसुद्धा.
एक ठोका.
ओडील थर्मास उघडते, ओतते, झाकण लावते,
हातमोजा दातांनी ओढून घालते,
सुरुच्या झाडावरून कावळा उठतो, लांब जातो.
दुसरा ठोका.

श्वासावाचून जगायचं तर रक्त आंबतं.
मग कवच हळूहळू झिजू देतं स्वतःला,
चुना रक्तात उतरतो, आंबट मारतो.
राहत्या घराच्या भिंतींतून
रोज चिमूटभर.

गास्पार शेजारी बादली पालथी घालून बसतो, गळ टाकून.
कागदाची गिरणी ऑक्टोबरात बंद झाली.
त्याने आधी मागच्या खोलीचा हीटर बंद केला,
मग माडीवरचा.
होडीचं इंजिन जानेवारीत विकलं.
आता तो आणि सोलांज स्वयंपाकघरात झोपतात, चुलीला पाठ लावून.

"झोपलंय का ते?"
"नाही. उजेड पडला तर कळतं त्याला."
"मग वाट बघतंय."
"वाट कसली? खर्च करतंय. अगदी थोडा."
गास्पार गळाकडे बघत राहतो.
बऱ्याच वेळाने म्हणतो,
"किती पुरतं?"
ओडील उत्तर देत नाही. तिला आकडा माहीत आहे,
पण तो कासवांचा.

एप्रिलच्या शेवटी बर्फ काळा पडतो, फुटतो,
वाऱ्याने काठाला लागतो काचेच्या चुऱ्यासारखा.
पडलेल्या ओंडक्यावर एक कासव, मग तीन,
काळी पाठ सूर्याकडे कलती करून.
भूक नाही अजून. आधी ऊन.
उन्हाने रक्त पातळ होईल, श्वास आंबट धुऊन काढेल,
चुना माघारी जाईल भिंतीत,
सगळा जाईल की नाही कोण जाणे.

सोलांजने आज मागच्या खोलीची खिडकी उघडली.
आत अजून फेब्रुवारी होता.

ओडील दुर्बीण लावते.
कवचांच्या काठावर तिनेच कानशीने पाडलेल्या खाचा.
सात. बावीस. तेहतीस.
हवा अकरा अंश, ती लिहिते,
आणि खाली, जरा वेळ थांबून:
एक्केचाळीस अजून दिसला नाही.